फियाटचं तोंड

घरात नातीची हळद चाललेली, दारात मांडव, आणि माझी लेक कुरुंदवाडहून एसटीनं मिरजेत उतरली ती सरळ दस्तगीरच्या गॅरेजात गेली. घराचा उंबरा ओलांडला नाही, आईला तोंड दाखवलं नाही. मांडवातल्या बायका मला विचारत होत्या, "आत्या कुठाय? आत्याशिवाय हळद कशी लावायची?" काय सांगू? नवऱ्या मुलीची आत्या गाडीत डोकं खुपसून बसलीय म्हणून सांगू?

निरोप तेवढा तिनं भावाजवळ दिला होता. "मी गाडीसाठी आलेय, घरासाठी नाही. काम झालं की संध्याकाळच्या एसटीनं परत जाणार."

धैर्यशीलनं, माझ्या लेकानं, हे मला कानात सांगितलं. हळूच सांगितलं, तरी माझ्या चुलत जावेनं ऐकलंच, आणि पदर तोंडाला लावून हसली. मी हळदीची वाटी तिच्याच हातात दिली. म्हटलं, "हसून झालं असलं तर पोरीला हळद लाव. मी आलेच." आणि हात न धुता रिक्षात बसले.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ज्या नातीची ती हळद, तिचा पोरगा आता शाळेत जातो. पण त्या गॅरेजातला जळक्या वायरीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

उजी, म्हणजे माझी उज्ज्वला, पोटात असल्यापासून माझ्यावर गेलेली. म्हणून तर आमचं कधी जमलं नाही. बापाशी, तिच्या आप्पांशी, मात्र तिचं गूळपीठ. हे फियाट चालवायचे. अथणी, कागवाड, जत, कुठनं कुठनं पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत आणायचे. पोरीची शाळा सुटली की ती ह्यांच्याबरोबर गाडीखाली. धैर्यशील गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, आणि ही काळ्या हातानं जेवायला यायची. ह्यांनी माझं एक लुगडं नीट फाटू दिलं नाही. जरा विरलं की टर्रकन चिंध्या, आणि चिंध्या गाडीकडं. मी ओरडायची, तर म्हणायचे, "तुझी लुगडी नसती तर माझी गाडी चालली नसती." मला वाटायचं, गाडी पुसायला लागतात म्हणून म्हणतात.

हे गेले, वर्षसराद झालं, आणि घर-जमीन लेकाच्या नावावर करायचं ठरलं. आमच्यात लेकी हक्क सोडतात. मी माझ्या भावांसाठी सोडला, माझ्या आईनं तिच्या भावांसाठी सोडला. भाऊ साडीचोळी करतो, पंगत घालतो, आणि लेक माहेरची वाट मोकळी ठेवून जाते. उजीनं सही केली. हात हलला नाही की डोळा ओला झाला नाही. घरी आल्यावर धैर्यशीलनं ताटात इरकली साडी आणि नारळ घालून तिच्यापुढं धरलं. तिनं ताटाकडं बघितलंच नाही. अंगणात फियाट उभी होती, तिच्याकडं बघितलं, आणि जेवायला आलेल्या मिस्त्रीला म्हणाली, "दस्तगीरमामा, स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

पानं वाढलेली, पाव्हणे पाटावर बसलेले, आणि ही बया गाडीत बसून एकेक स्क्रू काढत होती. मीटर काढलं. किल्लीचा स्विच किल्लीसकट काढला. दिव्याची, वायपरची बटणं काढली. चमकती पट्टी काढली, कप्प्याचं झाकण काढलं, बिडीची राख झाडायचा डबासुद्धा काढला. म्हटलं, "उजे, हे काय चाललंय?"

"माझ्या वाट्याचं नेते," ती म्हणाली. "गाडी राहू दे तुमच्याकडं."

सगळं टॉवेलात बांधून, पानावर न बसता गेली. मागं फियाट उभी राहिली दात पाडलेल्या म्हातारीसारखी. लोक दारात यायचे, गाडीत डोकावायचे आणि मला काही न विचारता जायचे. विचारलं असतं तर बरं, मी सोडलं नसतं.

त्यानंतर ती आली नाही. भाऊबीजेला धैर्यशील जायचा कुरुंदवाडला. ओवाळायची, जेवू घालायची, नवऱ्याच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ती पण कशी बसते ते दाखवायची. पण इकडं पाऊल नाही. आणि मी का जावं? मी आई आहे. वाट तिनं सोडली होती, मी नाही.

मग नातीचं लग्न ठरलं. सुपारी फोडायला बसलो होतो, तेव्हा मुलाची आई म्हणाली, "पाठवणीला मोटार आमचीच आणू. तुमच्याकडं गाडीची अडचण असेल." साखर घालून बोलली, पण बोलली. मी म्हटलं, "आमची पोरगी तिच्या आजोबांच्या गाडीतनं सासरी येईल. तुमची मोटार तुमच्या दारात शोभू द्या." शब्द गेला. धैर्यशील माझ्याकडं बघतच राहिला, कारण फियाट तेव्हा गॅरेजात सांगाडा होऊन पडलेली. पण लेक माझा, कामाला लागला. पत्रा ठोकून घेतला, इंजिन उतरवून दुरुस्त केलं, सीटा शिवल्या, दुधाच्या सायीसारखा रंग दिला. सगळं झालं आणि तोंडाशी अडलं. मीटर मुंबईच्या जुन्या बाजारातनं आणलं तर ते त्या भोकात बसेना. शेवटी बहिणीकडं गेला.

तिनं सांगितलं, "सामान देणार नाही. मी येऊन बसवीन. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

म्हणून ती आली होती. आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

मी गॅरेजात शिरले तेव्हा ती पुढच्या सीटवर आडवी होती, पाय दाराबाहेर, डोकं स्टिअरिंगखाली. खाली पत्र्याची ट्रंक उघडी. आत टॉवेलाच्या घड्यांत एकेक वस्तू निजवलेली, डांबराच्या गोळ्या घालून. माझी लुगडीसुद्धा कुणी अशी ठेवली नाहीत.

दस्तगीरनं माझ्यासाठी स्टूल पुसलं. दस्तगीर ह्यांच्यापेक्षा वयानं लहान, पण आयुष्य ह्यांच्याच संगतीत काढलेलं. इंजिन तो बघायचा. वायरिंगला मात्र हे त्याला हात लावू देत नसत, ते स्वतः करायचे.

मी स्टुलावर बसले. तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि परत आत घातली.

"दस्तगीर," मी म्हटलं, "तिला विचार, चहा घेतला का."

"उजाताई, वैनी विचारतात—"

"ऐकलं मी. घेतला म्हणावं."

"घेतला म्हणते, वैनी."

"मला कान आहेत. तिला विचार, भाचीला हळद लावायला येणार आहे का, का भाची पण टॉवेलात बांधून नेणार आहे."

दस्तगीर माझ्याकडं बघायचा, तिच्याकडं बघायचा. बिचारा पान्याला ऑईल लावायला गेला.

आतनं आवाज आला. "मामा, सांगा त्यांना, मला काम करू द्या."

'त्यांना.' जन्मदात्या आईला 'त्यांना'. मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा माणसं जास्त घाबरतात, पण ती माझीच पोर, ती कशाला घाबरेल.

मीटर बसेना. म्हणजे ते ह्याच गाडीचं, ह्याच भोकातनं निघालेलं, पण नव्या रंगाचा थर कडेला जाड झालेला. जरा दाबलं की करकर वाजायचं. धैर्यशील तोवर मागनं आला होता, मोबाईल हातात, मांडववाल्याशी बोलणं चाललेलं. तिनं ब्लेड उचललं.

"काय करतेस?"

"कडेचा रंग खरवडते."

"अगं, भट्टीत भाजलेला रंग आहे तो. मीटरची कड घास थोडी."

"मीटर घासायचं नाही," ती म्हणाली.

"रंग परत मिळणार नाही, उजा."

"मीटर मिळणार आहे का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. तिनं ब्लेड फिरवलं. सायीच्या रंगाची बारीक सालटं तिच्या मांडीवर पडली, आणि प्रत्येक सालटाबरोबर माझ्या लेकाचा जीव वर-खाली होत होता. मीटर अलगद आत गेलं. तिनं चारही कोपऱ्यांचे स्क्रू नुसते टेकवले, एकही आवळला नाही. मग ह्या कोपऱ्याला एक पीळ, समोरच्या कोपऱ्याला एक पीळ. पापड वाळत घालताना आपण कसं चारी बाजूंनी टेकवतो, तसं. ह्यांचीच पद्धत. मला बघवेना, आणि नजर हटेना.

पट्टी बसली. झाकण बसलं, उघडताना पूर्वीसारखंच कुरकुरलं. ह्यांचा राखेचा डबा बसला. गाडीला हळूहळू तोंड येत होतं. राहिल्या वायरी, त्या तिनं स्टिअरिंगखालून हात घालून जोडल्या.

"मामा, लावा बॅटरी," तिनं हाक मारली.

दस्तगीरनं बॉनेटखाली हात घातला. फटकन ठिणगी उडाली. मीटरमधला दिवा भगभगला, आणि पट्टीच्या फटीतनं निळा धूर आला.

"काढा, मामा, काढा."

त्यानं वायर ओढून काढली. हाताला चटका बसला असणार, तो हात झटकत उभा राहिला. धूर छताकडं गेला. वास मात्र तिथंच राहिला. धैर्यशील मोबाईल खिशात घालून पुढं आला.

"तू मुद्दाम केलंस."

ती बाहेर आली. तोंडावर काजळी.

"एवढी वर्षं त्या सामानावर बसून राहिलीस, आणि आज माझ्या पोरीच्या लग्नात गाडी जाळायला आलीस. सांगायचं होतंस ना, देणार नाही म्हणून. मी कुठनं तरी केलं असतं."

"धैर्या, नीट बोल."

"काय नीट बोलू? उद्या मांडवात कसली गाडी उभी करू? आईनं शब्द दिलाय."

"आईनं दिलाय, मी नाही."

बस्स. एवढं बोलली, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन परत आत बसली. मला वाटलं, दुरुस्त करतेय. पण ती मीटरचे स्क्रू काढायला लागली होती. पहिला काढला, दुसरा काढला. टॉवेल मांडीवर अंथरला.

दस्तगीर म्हणाला, "ताई, नका. वायरमन उद्या दुपारी येतोय, दिवा लावून एकेक वायर शोधू..."

"उद्या दुपारी अक्षता पडलेल्या असतील, मामा. मी जाते. माझी गाडी चुकेल."

मीटर बाहेर आलं. तिनं ते टॉवेलावर ठेवलं, आणि त्याच्या पाठीला लोंबणाऱ्या वायरी गोळा करायला लागली. काळ्या वायरी, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला बांधलेली एकेक चिंधी. हिरवी, पांढरी, तांबडी.

हिरवी मी ओळखली.

"उजे," मी म्हटलं, "खाली ठेव ते."

हक्कसोडीच्या दिवसानंतर तिच्या नावानं मारलेली ती माझी पहिली हाक. तिचे हात थांबले.

"ती वायर बघू."

"तुला काय कळतंय वायरीतलं?"

"वायरीतलं काही कळत नाही. चिंधी कुणाची ते कळतं. ती हिरवी माझ्या इरकलीच्या काठाची आहे. तुझ्या मुंजीत..." चुकलं म्हणून मी जीभ चावली. "धैर्याच्या मुंजीत नाही, त्याच्या जावळात नेसले होते ती."

तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "आप्पा सगळी वायर काळीच आणायचे. कुठली कुठं जाते ते कळावं म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना एकाच कापडाच्या चिंध्या बांधायचे. हिरवी दिव्याची, पांढरी वायपरची..."

"मग जळलं कसं?"

"माझ्याकडच्या ट्रंकेत राहिल्या म्हणून रंग टिकलाय. गाडीतल्या बघ." तिनं डॅशबोर्डच्या भोकात हात घालून आतली टोकं ओढून दाखवली. ग्रीस आणि धूळ बसून सगळ्या चिंध्या कोळशासारख्या काळ्या. "मी अंदाजानं लावल्या."

मी स्टूल ढकललं आणि गाडीत बसले, ह्यांच्या जागेवर. एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी बसले, त्या जागेवर कधी बसले नव्हते. स्टिअरिंग पोटाला लागत होतं. डोळे मिटून पहिली चिंधी बोटांत धरली. ग्रीसनं रंग जातो, वीण जात नाही.

"ही जाड आहे, बारीक बुट्टा लागतोय. हा खण. माझी चोळी."

"खण पेट्रोलच्या काट्याचा," ती म्हणाली, आणि ट्रंकेकडचं टोक माझ्या हातात दिलं. तसाच खण.

"लाव. ही बघ, ही तर मलमल आहे. ह्यांचंच धोतर."

"वायपर."

"ही इरकल. काठात रेशीम आहे, टोचतंय बघ."

"दिवा."

"हे चीट. गोधडीला लावलेलं. तुमची दोघांची एकच गोधडी होती, रोज ओढाताण करायचात ती."

"हॉर्नची," धैर्यशील म्हणाला. तो कधी दाराशी येऊन वाकला होता कळलं नाही. "हॉर्नच्या वायरीला गोधडीचं कापड होतं. मला आठवतंय."

त्याला हॉर्नचंच आठवणार.

एकेक जोड लागत गेला. ती स्क्रू-ड्रायव्हर पेन्सिलीसारखा कानाला लावून काम करत होती, आणि बोलत होती माझ्याशीच, मधे दस्तगीर नव्हता. "पुढची बघ. वर धर. अशी नाही, आई, उलटी." 'आई' म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटची एक राहिली. मी ती बोटांत धरली, चोळली, परत चोळली.

"हे माझं नाही."

ती टॉवेलाची घडी उलगडायला लागली.

"गुळगुळीत लागतंय. लुगडं नाही, धोतर नाही. कुणाची चिंधी आहे ही?"

"माझी," ती म्हणाली. "शाळेतली रिबीन."

किल्लीचा स्विच तिनं टॉवेलातनं काढला. त्याच्या पाठीला तशीच रिबीन, लालभडक, गाठ मारलेली. किल्ली अजून त्यातच.

"किल्लीच्या वायरीला तुझी रिबीन कशाला?"

"आप्पांनी बांधली."

"ते दिसतंय. कशाला बांधली ते विचारते."

ती स्विच हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी दहावीत होते. आम्ही दोघांनी मिळून ह्या वायरी ओढल्या. शेवटची ही. ते म्हणाले, माझ्या मागं ही गाडी तुझी, तर किल्लीची वायर तुझ्याच चिंधीनं बांधू. मी केसातली रिबीन सोडून दिली."

गॅरेजात कुठंतरी नळ गळत होता.

"लहान पोरीशी बोलतात माणसं असं," धैर्यशील म्हणाला. पण आवाज खाली होता.

"शेवटच्या आजारात परत म्हणाले. सलाईन लावलेलं होतं. म्हणाले, कागद करतो, गाडी तुझ्या नावावर करतो. मी नको म्हटलं."

मी दस्तगीरकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"मालकांनी मला साक्षीला बोलावलं होतं, वैनी. ताईनंच परत पाठवलं."

"नको का म्हटलंस?" मी तिला विचारलं.

"धैर्याला वाईट वाटलं असतं. गावाला सांगत होता, आप्पांची गाडी मीच चालवणार म्हणून. आणि तू म्हणाली असतीस, लेकीला गाडी कशाला."

"म्हणाले असते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

धैर्यशीलनं दाराच्या कडेवर हात ठेवला होता, तो काढला. "मग सामान का नेलंस? आख्ख्या पंगतीसमोर?"

"आप्पा दिवसभर ह्या मीटरकडं बघायचे. रात्री घरी आले की डोळे मिटून सांगायचे, आज काटा कुठं कुठं गेला. तेवढं मला पाहिजे होतं."

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का?"

"तू विचारलंस का, काय पाहिजे? ताट पुढं केलंस."

उजीनं रिबिनीला रिबीन लावली, वायर पिळली, चिकटपट्टी गुंडाळली. स्विच भोकात बसवला, मीटर परत बसवलं, चारी कोपरे, एकेक पीळ. मग म्हणाली, "आई, तू उतर. परत काही झालं तर..."

"मी इथंच बसते."

"धूर झाला तर?"

"तर तुझ्या बापाच्या जागेवर बसलेय. लाव."

दस्तगीरनं बॅटरीची वायर टेकवली. ठिणगी नाही. आम्ही सगळे पट्टीच्या फटीकडं बघत होतो, धूर येतो का म्हणून. नाही आला. तिनं माझ्या अंगावरनं हात लांब करून किल्ली फिरवली. काहीच नाही. परत फिरवली, ह्या वेळी जरा मागं ओढून, मग पुढं. गाडी खोकली, एकदा, दोनदा, आणि सुरू झाली. सगळी गाडी माझ्याखाली थरथरायला लागली. मीटरचा दिवा लागला आणि पेट्रोलचा काटा झोपेतनं उठल्यासारखा हळूहळू वर आला.

दस्तगीरनं डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला. धूर कधीच गेला होता.

उजीनं गाडी बंद केली. किल्ली काढली, पदरानं पुसली, आणि खिडकीतनं भावापुढं धरली.

"घे. सुरू करताना किल्ली जरा मागं ओढायची, मग फिरवायची. उद्या पोरीला नीट ने." आणि दुसऱ्या हातानं ट्रंकेचं झाकण लावलं. "मामा, मला स्टँडवर सोडता का?"

धैर्यशीलचा हात पुढं आला होता.

"हात खाली घे," मी म्हटलं.

"आई?"

"खाली घे म्हटलं." मी तिच्या हातातनं किल्ली घेतली. माझ्या बोटांची वाळलेली हळद किल्लीला लागली.

"आई, सुपारी फुटल्यापासनं मी ह्या गाडीमागं आहे. पत्रा मी, रंग मी—"

"रंग झकास दिलायस. बहिणीला द्यायची गाडी अशीच रंगवून द्यायची असते."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग गाडीकडं, मग त्या लाल रिबिनीकडं, जिचं एक टोक डॅशबोर्डच्या खालून लोंबत राहिलं होतं. त्यानं हात वाढवून ते टोक आत खोचलं. "उद्या पाठवणीला गाडी कोण चालवणार?" एवढंच विचारलं.

"आत्या चालवेल. व्याह्यांची तोंडं मला बघायचीत. आणि परवा ती गाडी घेऊनच कुरुंदवाडला जाईल, एसटी बंद. आता ट्रंक डिकीत टाक आणि मागं बस. हळद खोळंबलीय."

तो बसला. दस्तगीरलाही मी मागं बसवलं, जळका हात तसा, घरी जाऊन लोणी लावायला. मी शेजारच्या जागेवर सरकले. उजी मात्र बाहेरच उभी. एक पाय आत, एक बाहेर, तोंडावर काजळी, डोळे माझ्यासारखेच कोरडे.

मी किल्ली तिच्या हातात कोंबली आणि तिच्या मनगटाला धरून म्हटलं, "मीटर नेलंस, बटणं नेलीस, बापाचा राखेचा डबा नेलास. चुकलीस, उजे. त्या दिवशी गाडीच न्यायची होतीस. मी दारात आडवी उभी राहिले असते. तरी न्यायची होतीस."